ब्रेकबाईंनी मान हलवली

ताईला अख्खं शहर ओळखायचं, पण तिच्या नावाने कोणीच नाही. सगळे तिला ब्रेकबाई म्हणायचे. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जास्तीचा ब्रेक असतो आणि ताईचा पाय त्यावर कायम तयारीत असायचा. हे नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण तिला ते मनापासून आवडलं होतं. फोन उचलला की ती स्वतःच म्हणायची, "ब्रेकबाई बोलतेय. घाबरू नका."

घाबरण्यासारखं बरंच होतं. आवाज खणखणीत, जीभ तिखट. "आरसा बघ! अगं, स्वतःचं तोंड नव्हे, मागचा ट्रक बघ!" हे तिचं वाक्य चौकातल्या फुलवाल्यालाही पाठ होतं. शिकायला आलेल्या पोरी पहिल्या आठवड्यात रडायच्या आणि परवाना हातात पडला की पेढे घेऊन तिला भेटायला यायच्या. लग्न तिने केलं नव्हतं. "गाडी नवऱ्यापेक्षा बरी, सांगितलेलं ऐकते," असं ती शिकणाऱ्या बायकांना सांगायची. एखादीने विचारलंच, की मॅडम, तुम्हाला हो काय माहीत, तर म्हणायची, "ऐकीव ज्ञान. पण खात्रीलायक सूत्रांकडून."

खात्रीलायक सूत्र म्हणजे तिची धाकटी बहीण. घरात आणि बाहेर तिला सगळे धाकटीच म्हणत. नवरा गेल्यावर ती लहान मुलाला घेऊन ताईच्या दोन खोल्यांत आली ती महिनाभरासाठी म्हणून. मुलगा शिकून नोकरीला लागला, त्याच्या कानशिलावर दोन-चार पांढरे केस आले, तरी तो महिना काही संपला नव्हता. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर नीट बसवणं, काड्या गरम करून वाकवणं, सैल झालेले स्क्रू पिळणं, असं बारीक हातांचं काम. स्वभावही तसाच, हळू आणि नेमका. त्यामुळे दोघींचं पटायचं नाही आणि एकमेकींवाचून चालायचंही नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर त्या वर्षानुवर्षं भांडत होत्या. ताईला वारा हवा असायचा, धाकटीला वाऱ्याने शिंका यायच्या. मुलगा मध्ये पडला की दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडायच्या.

मग ताईला खोकला लागला. आधी तिने तो धुळीवर ढकलला, मग सिगरेट ओढणाऱ्या शिष्यांवर. जिना चढताना मधल्या वळणावर थांबून ती भिंतीवरचे पोपडे निरखून बघायला लागली तेव्हा धाकटीला शंका आली, कारण पोपडे बघायची हौस ताईला कधीच नव्हती. तपासण्या झाल्या. फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती, ओला स्पंज वाळून टणक व्हावा तशी. औषधांनी वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"म्हणजे उतार आहे," ताई बाहेर येऊन म्हणाली. "चला, निदान पेट्रोल वाचेल."

धाकटीला हसू आलं नाही.

त्याच सुमारास त्यांच्या इमारतीतले एक गृहस्थ फार दिवस श्वासाच्या यंत्रावर राहून वारले. त्यांच्या घरून परतताना ताई जिन्यात बसली आणि धाप ओसरल्यावर म्हणाली, "हे बघ, माझी वेळ आली तर मला असं खुंटीला टांगून ठेवू नका. बरी होणार असेन तर काय वाट्टेल ते करा, सुया टोचा, उलटी लटकवा. पण होणार नसेन तर मला उगाच ताणू नका."

"अभद्र बोलू नकोस," धाकटी म्हणाली आणि तिला हाताला धरून उठवलं. बोलणं तिथेच संपलं. असल्या बोलण्याला कोण धरून ठेवतं?

हवा थंड झाली तशी ताईला ताप आला. छातीत जंतुसंसर्ग झाला आणि आधीच कमी पडणारा श्वास आणखी आखडला. रुग्णालयात नेलं त्याच दिवशी तिला अतिदक्षता विभागात हलवलं, झोपेचं औषध दिलं, तोंडातून घशात नळी घातली आणि श्वासाचं काम यंत्राकडे सोपवलं. तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन मास्क खाली केला आणि धाकटीला म्हणाले, "मी ब्रेकबाईंचाच विद्यार्थी. तीनदा नापास झालो होतो परीक्षेत. त्यांनी चौथ्या वेळची फी घेतली नव्हती. म्हणाल्या, आता हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

धाकटीला आठवला तो. क्लचवरून पाय न काढणारा, लांब मानेचा मुलगा. ताई घरी येऊन त्याच्या नकला करायची. आता त्याचे केस विरळ झाले होते आणि डोळ्यांखाली सुरकुत्या होत्या. "तुम्ही काळजी करू नका, मी काही कमी पडू देणार नाही," तो म्हणाला. धाकटीला केवढा धीर आला.

आणि त्याने खरंच काही कमी पडू दिलं नाही. ताप उतरला. जंतू आटोक्यात आले. पण यंत्राचा आधार थोडा कमी केला की ताईच्या गळ्याखालची कातडी आत ओढली जायची, कपाळावर घाम फुटायचा आणि आधार परत वाढवावा लागायचा. असं पुन्हा पुन्हा झालं. धाकटी दुकानातून अर्धा दिवस सुटी काढून यायची. दाराशी कोपराने नळ उघडून हात धुवायची, निळा झगा चढवायची आणि ताईच्या खाटेशी उभी राहायची. त्या खोलीत कुठलं ना कुठलं यंत्र सतत किणकिणत असायचं. पडद्यापलीकडून कुणाचा तरी मुलगा हळू आवाजात क्रिकेटचा स्कोअर वाचून दाखवायचा. बाहेर एकमेकींना जोडलेल्या खुर्च्यांवर बसणारे सगळे नातेवाईक आता ओळखीचे झाले होते. मोबाईलचा चार्जर, बिस्किटं आणि बातम्या तिथे सगळ्यांत मिळून असायच्या.

एके दुपारी ती आत गेली तेव्हा सिस्टर ताईच्या नळीतला कफ ओढून काढत होत्या. या सिस्टर तिथल्या जुन्या, बुटक्या आणि ठामपणे चालणाऱ्या बाई. बारीक नळी आत गेली तसं ताईचं सगळं अंग ताठ झालं. तोंड वेडंवाकडं झालं, पण आवाज नाही, कारण आवाजाच्या वाटेतच नळी होती. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. धाकटीची नजर खाली गेली. ताईचे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी खाटेच्या कठड्याला बांधलेले होते.

"हे काय?"

"सकाळी नळी उपटायला निघाल्या होत्या, काकू," सिस्टर म्हणाल्या. "अर्धवट झोपेत करतात असं. बांधायला मलाही बरं वाटत नाही." त्यांनी ताईचं तोंड पुसलं, उशी सरळ केली आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "एक विचारू? धडधाकट असताना या गोष्टींबद्दल त्या कधी काही बोलल्या होत्या का?"

 जिन्यातलं ते बोलणं धाकटीला शब्दन् शब्द आठवलं. पण "नाही," असं ती म्हणून गेली. का म्हणाली ते तिलाच कळलं नाही. बाहेर येऊन ती खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने ती परत आत गेली, हात धुतले, झगा चढवला, आणि म्हणाली, "सिस्टर, बोलली होती."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धाकटीला आणि तिच्या मुलाला एका छोट्या खोलीत बोलावलं. सिस्टरही होत्या. डॉक्टरांचा बेत वेगळा होता. तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून गळ्याला पुढून छोटं छिद्र करून नळी तिथे बसवायची आणि यंत्र चालू ठेवायचं.

"मग करा ना," भाचा लगेच म्हणाला. ताईने त्याला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं.  "लागेल ते करा. मावशी लढणारी आहे."

"त्याने ती घरी येईल?" धाकटीने विचारलं.

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन इकडचं तिकडे केलं. "खरं सांगायचं तर नाही. यंत्रापासून त्या सुटतील असं मला वाटत नाही. फुफ्फुसंच उरली नाहीत. बदलून घालायची तर त्यांचं शरीर ते सोसणार नाही. गळ्याच्या छिद्राने काही आठवडे, कदाचित काही महिने मिळतील. पण ते इथेच, अशाच."

"मग हा बेत कुणासाठी?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. कालपासून हा प्रश्न त्यांच्या जिभेवर असावा असा त्यांचा चेहरा होता.

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. धाकटीला एकदम तो जुना लांब मानेचा मुलगा दिसला. "बहुतेक माझ्यासाठी," ते म्हणाले. "दुसरं कुणी असतं तर मी चार दिवसांपूर्वीच हे बोललो असतो. यांच्या बाबतीत जीभ रेटेना."

मग धाकटीने जिन्यातली गोष्ट सांगितली, ताईच्याच शब्दांत, उलटी लटकवा वगैरे सकट. भाचा उठून उभा राहिला.

"आई, ती चेष्टेत बोलली असेल! तिचं कुठलं बोलणं सरळ असतं? आणि तू त्यावरून मावशीचं मशीन काढायला निघालीस? म्हणजे आपण तिला मारायचं?"

"तुमचा प्रश्न बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "मला उत्तर द्यायचा प्रयत्न करू द्या. त्यांना नेतोय तो आजार. यंत्र बरं करत नाहीये, ते फक्त थांबवून धरतंय. बरं होण्याची आशा असते तेव्हा हा सगळा त्रास द्यायला मला काही वाटत नाही, कारण पलीकडे काहीतरी असतं. इथे पलीकडे काही नाही, नुसता त्रास उरलाय. तो त्यांच्यावर लादायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही. तो घ्यायचा की नाही हे त्यांचं."

"पण सुरूच केलं नसतं तर गोष्ट वेगळी. चालू केलेलं काढायचं म्हणजे..."

"हाताला वेगळं वाटतं, हे खरं आहे. मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण विचार केला तर फरक सापडत नाही. एकदा चालू केलं की कधीच काढायचं नाही असं ठरलं, तर चालू करतानाच आम्ही कचरू, आणि मग जी माणसं वाचली असती ती जातील. यंत्र लावून पाहिलं ते योग्यच होतं. आता उत्तर मिळालंय."

"आणि काढल्यावर? गुदमरत ठेवणार तिला?"

"अजिबात नाही," सिस्टर म्हणाल्या. "ते काम माझं. आधी औषध, मग नळी."

धाप उतरवायचं औषध असतं, डॉक्टरांनी समजावलं. मॉर्फिन. ते श्वास तोडण्यासाठी द्यायचं नसतं, श्वासाची तगमग शमेल एवढंच द्यायचं, थोडं थोडं, माणसाकडे बघत बघत. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. बरं करायचा हट्ट सोडायचा आणि त्रास कमी करायच्या मागे हात धुवून लागायचं. "उपचार बंद नाही करत आपण," ते म्हणाले. "कशासाठी करतोय ते बदलतोय."

भाचा परत खाली बसला. "तिला न विचारता मी हो म्हणणार नाही," तो म्हणाला.

"मीही नाही," डॉक्टर म्हणाले. "विचारू या."

झोपेचं औषध हळूहळू कमी केलं. सकाळी ताईने डोळे उघडले, पण डॉक्टर बोलायला लागले तर ती भलतीकडेच बघत राहिली. कपाळाला आठ्या, नजर हरवलेली. डॉक्टरांचा चेहरा उतरला. शुद्ध पुरती आलेली नसेल तर विचारण्यात अर्थ नव्हता.

"काकू, या चष्मा लावतात का?" सिस्टरनी विचारलं.

धाकटीने कपाळावर हात मारला. जन्म गेला लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात, आणि सख्ख्या बहिणीचा चष्मा पहिल्या दिवसापासून तिच्याच पर्समध्ये पडून होता! घाईघाईने काच पदराने पुसून तिने तो ताईला लावला, नळीच्या पट्टीत काडी अडकत होती ती अलगद सोडवून घेतली. ताईचे डोळे एकदम जागेवर आले. तिने डॉक्टरांकडे बघितलं, मग धाकटीकडे, मग भाच्याकडे. भाच्याची वाढलेली दाढी बघून तिने भुवई वर केली. भाचा हसला आणि लगेच रडला.

सिस्टरनी तिचे हात सोडले. डॉक्टर खुर्ची ओढून तिच्या तोंडासमोर बसले आणि अगदी सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. काय झालंय, काय केलं, काय होणार नाही. गळ्याला छिद्र करून यंत्र चालू ठेवता येईल. किंवा नळी काढून, धाप लागू न देता, जेवढे दिवस मिळतील तेवढे मोकळं राहता येईल. कदाचित काही तासच. "मॅडम, गळ्याला छिद्र करायचं?"

ताईने मान हलवली. नाही.

"नळी काढली तर तुम्ही जगणार नाही. हे कळलंय ना तुम्हाला?"

तिने डोळे मिटून उघडले आणि मान वरखाली केली. मग हात उचलून डॉक्टरांच्या मनगटावर दोन टपल्या मारल्या. गाडी शिकवताना, शिकणारा घाबरून गोठला की ती अशाच टपल्या मारायची. डॉक्टर उठून पडद्याकडे तोंड करून उभे राहिले.

पण एवढ्यावर त्यांनी भागवलं नाही. संध्याकाळी तिला कधीच न भेटलेले दुसरे एक डॉक्टर आले आणि त्यांनी तेच प्रश्न उलटसुलट करून विचारले. उत्तर तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. शेवटी भाच्याने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि एकट्याने विचारलं. तो बाहेर आला तेव्हा नाक लाल होतं. "चिडली माझ्यावर," तो म्हणाला. "किती वेळा विचारता, असं तोंड केलं."

दिवस चढल्यावर नळी काढायचं ठरलं. सिस्टरनी आधी सगळं सांगून ठेवलं: काय आवाज होतील, काय दिसेल, कुठे उभं राहायचं. किणकिणणाऱ्या यंत्रांचे आवाज त्यांनी बंद केले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती जागा खोलीसारखी वाटली. सलाइनमधून औषध गेलं, ताईच्या खांद्यांतला ताण सैल झाला, डॉक्टरांनी स्वतः पट्टी सोडवली आणि नळी बाहेर काढली. ताई खोकली, खूप खोकली. सिस्टरनी तोंड पुसलं, नाकाला प्राणवायूची बारीक नळी लावली. धाकटीने तिचा हात एवढा घट्ट धरला होता की तिच्याच बोटांना मुंग्या आल्या. आता, आता, असं तिला वाटत होतं.

श्वास चालू राहिला. उथळ, भरभर, पण चालू. ताईने ओठ हलवले. सगळे वाकले.

"गाडी," ती फाटक्या आवाजात डॉक्टरांना म्हणाली, "कोणती घेतलीस?"

डॉक्टरांनी सांगितलं. तिने नाक मुरडलं. "ऑटोमॅटिक?"

"हो, मॅडम."

"वाटलंच."

तिला वरच्या मजल्यावर एका वेगळ्या खोलीत हलवलं. तिथे भेटीची वेळ नव्हती, झगा नव्हता आणि एक मोठी खिडकी होती. खिडकीखाली रुग्णालयाचं पार्किंग. खाट अर्धी वर केली की ताईला सगळं दिसायचं. मग काय विचारता! "हा बघ, तिरका घुसवला. याला कुणी शिकवलं गं? मी नाही." एखादी बाई एका झटक्यात गाडी मागे घेऊन दोन रेघांच्या बरोबर मध्ये लावायची, तेव्हा ताई बोट वर करून म्हणायची, "ही माझी." असेलही, नसेलही.

बातमी पसरली तशी माणसं यायला लागली. जुने शिष्य, चौकातला फुलवाला, एक निवृत्त न्यायाधीशबाई जिला ताईने भर रस्त्यात 'म्हैस' म्हटलं होतं. सिस्टर ड्यूटी संपली की घरी जायच्या आधी वर डोकावून जायच्या. कुणी फार गंभीर तोंड करून आलं तर ताई धाकटीला म्हणायची, "याला बाहेर ने आणि चहा पाज." तिला स्वतःला खाववत नव्हतं. आईस्क्रीमचा चमचा जिभेवर ठेवला की मात्र ती डोळे मिटून घ्यायची. खिडकी उघडी असायची. धाकटी शिंकायची, पण एक शब्द बोलायची नाही. शेवटी ताईच म्हणाली, "भांड की. असं गप्प राहिलीस की मला मेल्यासारखं वाटतं."

धाकटी खळखळून हसली, आणि त्या हसण्यातच कधी रडायला लागली तिचं तिलाच कळलं नाही. ताईने तिला रडू दिलं.

भाचा आता दिवसभर तिथे असायचा, आणि त्याच्या मनात वेगळंच शिजत होतं. मावशी बोलतेय, हसतेय, लोकांना नावं ठेवतेय. मग आपलं काही चुकलं तर नाही? त्याने डॉक्टरांना जिन्यात गाठलं. "ती बरी होतेय. आता पुन्हा अतिदक्षता विभागात नेऊन बघू या का? वाटलं तर परत नळी..."

डॉक्टर म्हणाले, "चला, वर जाऊन बसू या." वर असलेली धाकटी धरून तिघं ताईच्या खाटेशी बसले. डॉक्टरांनी काही लपवलं नाही, भाच्याला काय वाटतंय ते तिला सांगितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा विचार बदलला असेल तर बदलता येतो. सही करून गहाण टाकलेला नाही तो."

ताईने भाच्याला जवळ बोलावलं. एकेका वाक्यामागे तिला थांबावं लागत होतं. "मी बरी आहे रे. पण बरी आहे म्हणजे बरी होतेय असं नाही." श्वास. "हे दिवस त्या नळीने दिले असते?" श्वास. "तुझं चुकलं नाही. तू अडवलंस म्हणून त्यांनी मला विचारलं." आणि थोड्या वेळाने, "दाढी कर."

त्याने त्याच संध्याकाळी केली.

त्यानंतर ताई हळूहळू मावळत गेली. बोलणं कमी झालं, झोप वाढली. एका सकाळी धाप जोरात लागली, डोळ्यांत भीती दिसली. धाकटीने बेल दाबली आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई धावत आल्या. औषध थोडं वाढवलं, खाट उंच केली, तोंडावर छोटा पंखा धरला. धाकटी बाजूला उभी राहून बघत होती. औषध वाढवलं म्हणजे शेवट जवळ ओढला का, हा प्रश्न तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण ताईच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या आणि ती पुटपुटली, "हां, आता ठीक." तेवढं ऐकून धाकटीने तो प्रश्न आपल्यापाशीच राहू दिला. सगळ्याच प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. बहिणीची धाप थांबली होती, हे मात्र डोळ्यांसमोर होतं.

ताई गेली ती एका लख्ख दुपारी. भाचा खाली औषध आणायला गेला होता. धाकटी तिचे केस विंचरत होती, गुंता सोडवत, केस ओढले जाऊ नयेत म्हणून मुळाशी बोट धरून. श्वासामधली अंतरं वाढत चालली होती. दोन श्वासांच्या मध्ये धाकटी कंगवा थांबवायची आणि श्वास आला की पुन्हा फिरवायची. मग एकदा ती थांबली आणि थांबूनच राहिली. कुणी धावत आलं नाही, कुणी छाती दाबली नाही. खोलीत ऊन होतं. तिने उरलेले केस विंचरले, सैल वेणी घातली आणि मगच बेल दाबली.

डॉक्टर आले. त्यांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, गरजेपेक्षा जास्तच. निघताना धाकटी त्यांना म्हणाली, "तुम्ही काही कमी पडू दिलं नाहीत."  त्यांनी तिचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले.

घरी आल्यावर पुष्कळ दिवस माणसांची ये-जा होती. ती ओसरल्यावर एक दिवस भाचा जेवता जेवता थांबला. "आई, मी 'मारायचं का' असं म्हणालो होतो. तुला फार लागलं असेल ना?"

"लागलं," धाकटी म्हणाली. "पण ते माझ्याही मनात होतं. तू बोललास म्हणून मला ते एकटीला वाहावं लागलं नाही."

 मग त्याने तिच्या ताटात भात वाढला.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई मुलीकडून परतल्या. फार दिवस बाहेर होत्या, त्यांना काहीच कळलं नव्हतं. पिशव्या हातात घेऊनच त्यांनी जिन्यात धाकटीला गाठलं. "काय गं, ताईंची तब्येत कशी आहे आता?"

धाकटीने त्यांच्या हातातली एक पिशवी घेतली. "वर या," ती म्हणाली, "बसून सांगते." तिने चहा टाकला आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. शेजारीणबाई पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. न्यायाधीशबाईंची गोष्ट आली तेव्हा मात्र त्यांना हसू आवरेना. धाकटीलाही आवरेना. चहा गार झाला, म्हणून तिने पुन्हा आधण ठेवलं.